पायाशी काही नको

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. धुळ्याचा विषय निघाला की मी कपाशीच्या भावावर घसरायचो. घरच्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला कपाशीचा फार लळा. खरं कारण एवढंच, की धुळ्यात एक माणूस होता, त्याच्या नावावर एक चूक लागली, आणि ती चूक त्याची नव्हती. कुणाची होती, हे मला ठाऊक होतं.

त्या माणसाचं नाव मी सांगत नाही. ज्यांनी कधी ट्रक किंवा ट्रॅक्टर धुळ्याच्या हायवेवर दुरुस्तीला नेला असेल, त्यांना ते सांगायची गरजही नाही. सगळे नाना म्हणायचे, मीही नानाच म्हणतो.

कुठल्याही गाडीचं दार उघडलं की नाना आधी वाकायचे. पेडलांखालच्या जागेतून तळहात फिरवायचे, देव्हारा पुसावा तसा. बिडीचं थोटूक, पाण्याची बाटली, पोराची चप्पल, जे हाताला लागेल ते बाहेर. मग कमरेवर हात ठेवून गाडीच्या मालकाला म्हणायचे, "पायाशी काही नको, भाऊ. डोक्यावर पेटी घे, मांडीवर बायको घे, मन्हं काही म्हणणं नई. पायाशी काही नको."

हे ते ट्रकवाल्यांना सांगायचे, ट्रॅक्टरवाल्यांना सांगायचे, आणि एकदा एका फौजदाराला त्याच्याच जीपमध्ये वाकून सांगितलेलं मी पाहिलं आहे. फौजदाराच्या पायाशी वांग्यांची पिशवी होती. त्याने ती मुकाट्याने मागे ठेवली.

विनय हा प्रकार नानांकडे नव्हता. "मन्हा हाताखालून गेलेला ट्रॅक्टर विहिरीत पडला तरी आत चालू राहीन," असं ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत. काम जमलं की शेजारच्या पंक्चरवाल्याला हाक मारून दाखवत. फसलं, तर दोष हवेचा, लोखंडाचा किंवा गिऱ्हाइकाच्या पायगुणाचा. स्वतःची चूक कबूल करताना त्यांना मी एकदाच ऐकलं. त्याबद्दलच हे सगळं आहे.

मी तेव्हा जळगावला एका डाळमिलमध्ये सुपरवायझर होतो. मिलचे ट्रक नानांकडे जायचे, म्हणून ओळख. आमच्या शेठजींच्या वडिलांनी कधीकाळी हौसेने एक विलायती गाडी घेतली होती. दोन माणसांची, छत दुमडून मागे टाकायची, नाक लांबलचक, रंग लाल. वडील गेले तशी ती गोडाऊनच्या कोपऱ्यात तुरीच्या पोत्यांआड गेली. शेठजींच्या मुलीचं लग्न ठरलं, आणि भावी जावयाने फोनवर गाडीचा फोटो पाहून म्हटलं, वरात यातूनच. झालं. पोती हलली.

इंजिन गावातल्या मिस्त्रीने खटपट करून बोलतं केलं. पण पेडल दाबलं की ते खालीच राहायचं, वर यायचं नावच नाही. आतल्या पिना गंजलेल्या, त्यांच्याभोवतीचे बुश झिजलेले, स्प्रिंगा मेलेल्या, आणि सगळ्यावर डाळीच्या भुशाचा थर. नवे भाग कुठे मिळेनात. शेवटी पेडलांचा अख्खा सांगाडाच खोलला, पोत्यात घातला, आणि मी तो एसटीने धुळ्याला घेऊन निघालो.

पोतं मांडीवर. कंडक्टर आला, त्याने पोत्याला बोट लावलं.

"काय शे पोत्यात? कोंबड्या नाही ना?"

"पेडल आहेत."

"सायकलचे?"

"मोटारीचे."

"मग मोटार कुठंय?"

"घरी."

त्याने तिकीट फाडून हातात दिलं आणि मागच्या बाईला म्हणाला, "पाहा अक्का, मोटार घरी आणि मोटारीचे पाय एसटीत." पारोळ्यापर्यंत बस हसत होती.

नानांनी पोतं बाजेवर सोडलं. एकेक पेडल हातात घेऊन म्हणाले, "अरारा. काय हाल करेल शेतस पोरींचे."

नानांच्या लेखी पेडल म्हणजे तीन बहिणी होत्या, कुठल्याही गाडीच्या. क्लच थोरली. "बठ्ठं वझं तीच उचलस. तक्रार करत नई, फक्त कण्हस." ब्रेक मधली. "घरात एक शहाणी लागस, ती ही." आणि एक्सिलेटर धाकली. "हिना काय सांगू तुले? नुसतं बोट लावा, पळनीच." ट्रॅक्टरच्या पेडलांनाही ते हेच म्हणत. पण विलायती बहिणी त्यांच्याकडे पहिल्यांदाच आल्या होत्या, त्यामुळे पाहुणचार वेगळा झाला.

पहिला पाहुणचार अक्कांच्या पातेल्यात. अक्का म्हणजे नानांच्या पत्नी. दुकानाच्या मागेच घर होतं. मी चहाची वाट पाहत बसलेलो, तेवढ्यात आतून आवाज आला.

"ओ! ते मन्हं खिरीचं पातेलं शे!"

"मंग?" नाना पातेल्यात रॉकेल ओतत म्हणाले, "पोरी माहेरी आल्या. त्यास्ले आंघोळ नको का?"

"तुमच्या पोरींची आंघोळ टायरच्या टोपलीत घाला!"

"विलायतच्या शेत त्या. टोपलीत न्हातीन का?"

अक्का बाहेर आल्या, पदर खोचलेला. पातेल्यात वाकून पाहिलं. काळ्या रॉकेलमध्ये तीन पेडल एकमेकांना टेकून पडलेली. "धाकटी बारीकच शे," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. पातेलं गेलं ते गेलंच. पुढे मी जाईन तेव्हा आधी त्याच विचारायच्या, "पाहून या. थोरलीचा गंज निघाला का?"

मी आठवड्यातून एकदा तरी जात होतो. शेठजी पाठवत, आणि पाठवत नसते तरी मी काहीतरी निमित्त काढलं असतं. गंज घासून निघाला. पिनांची झिजून लांबट झालेली भोकं नानांनी वेल्डिंगने भरली आणि पुन्हा गोल पाडली. बुशांसाठी एका जुन्या पंपातला पितळी तुकडा काढला, लेथवर चढवला आणि कातत बसले. कातताना ते गाणं म्हणत. गाण्याला चाल नव्हती, शब्दही नव्हते. पण लेथ थांबला की तेही थांबायचं.

पहिला बुश त्यांनी इतका घट्ट बसवला की थोरली दाबली ती खालीच चिकटली. नानांनी तिला इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं आणि निर्णय दिला, "थंडीनं आखडली."

चैत्र चालला होता. दुकानाचा पत्रा इतका तापला होता की वर कावळा बसत नव्हता. अक्का बाहेर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होत्या, तिथून म्हणाल्या, "खरंच हो. पोरीला गोधडी द्या."

नानांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मी दुपारी जेवून येईपर्यंत बुश पुन्हा लेथवर होता.

मग स्प्रिंगा. विलायती मापाची मिळेना, म्हणून नानांनी ट्रॅक्टरची एक कापून लावली. सांगाडा टेबलाच्या शिकंज्यात आवळलेला, समोर स्टूल. मला म्हणाले, "बस भाऊ. पहिला मान तुन्हा."

मी बसलो, थोरली दाबली आणि सोडली. तिने मला लाथ मारली. याला दुसरा शब्द नाही. पाय गुडघ्यासकट वर गेला, पायातली चप्पल सुटली, पत्र्याच्या कडेवरून बाहेर गेली आणि अक्कांच्या बिबड्यांत पडली.

बाहेरून अक्कांचा आवाज, "भाऊ, ही बिबडी तुमच्याच पानात!"

नाना हसता हसता खाली बसले. मी चप्पल आणायला गेलो तर अक्का तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्या दिवसानंतर मी त्या घरात पाहुणा राहिलो नाही.

पेडलांवरचं रबर एका चांभाराने चपलेच्या नव्या तळव्यातून कापून दिलं, त्यावर घसरू नये म्हणून रेघा पाडल्या. सगळं जोडून झालं तेव्हा नाना स्वतः स्टुलावर बसले. चप्पल काढली, पाय धुतले, पुसले, डोळे मिटले. "आता पायाले विचारू." थोरली दाबली, सोडली. मधली दाबली, सोडली. धाकटीला नुसता अंगठा टेकवला. परत पहिल्यापासून. बराच वेळ असं चाललं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी नंतर नातवाला खांद्यावर झोपवणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. डोळे न उघडताच म्हणाले, "पंक्चरवाल्याले बोलाव."

मी सांगाडा पोत्यात घालू लागलो तर अक्का ताट घेऊन आल्या. ताटात हळद-कुंकू, गहू, खण आणि नारळ.

"हे काय?" मी म्हटलं.

"सासरी चालल्या ना. रित्या ओटीनं पाठवू?"

त्यांनी तिन्ही पेडलांना हळद-कुंकू लावलं. नव्या काळ्या रंगावर ते फार उठून दिसलं. गहू खणात बांधले, त्यावर नारळ ठेवला आणि माझ्याकडे दिला. "हा आत्ता फोडायचा नाही. गाडी पहिल्यांदा चालली, नवरदेव मांडवात पोचला, का मग फोडा. तोवर गाडीतच असू द्या."

नाना दाराशी उभे होते. डोळे पुसले आणि म्हणाले, "वेल्डिंगचा धूर."

वेल्डिंग कालपासून बंद होतं.

पुढच्याच आठवड्यात नाना सांगाडा बसवायला जळगावला आले. पेडल बसवायला माणसाला उलटं व्हावं लागतं. डोकं पेडलांखाली, पाठ सीटवर, पाय आकाशात. मिलमधले हमाल काम सोडून गाडीभोवती जमले आणि त्या दोन पायांशी बोलू लागले. "नाना, चहा सांगू?" पाय हलायचे. संध्याकाळी मिलच्या आवारात गाडी फिरली. मी चालवत होतो, नाना शेजारी, टोपी हातात धरून. ब्रेक असा लागायचा की जणू कुणी खांद्यावर हात ठेवून म्हणतंय, थांब जरा. हमालांनी शिट्ट्या मारल्या, कुणीतरी डाळीचं रिकामं पिंप बडवलं आणि दोघं-तिघं नाचले. शेठजी धोतराचा सोगा धरून हसत उभे होते. जुन्या गाड्यांचे शौकीन असलेले शेठजींचे दोन पाहुणे तिथे होते. दोघांनी नानांना सांगितलं, लग्न होऊ द्या, आमच्याही गाड्या पाठवतो.

नानांनी धुळ्याला जाऊन लगेच पाटी रंगवून घेतली. 'येथे विलायती गाड्यांचे पेडल काम खात्रीने होईल.' लग्नाच्या आदल्या दिवशी मला फोनवर ती वाचून दाखवली. दोनदा.

लग्नाच्या दिवशी नाना-अक्का दोघं आले. नाना कडक इस्त्रीत, अक्का नव्या लुगड्यात. वरात मारुतीच्या देवळापासून निघायची होती, तिथे नाना गाडीपाशी आले, सवयीने वाकले आणि पायाशी हात फिरवला. जागा स्वच्छ होती. ओटीचा नारळ खणासकट शेजारच्या सीटवर होता. "झ्याक," म्हणाले आणि अक्कांना घेऊन पुढे मांडवाकडे गेले, गाडी येताना समोरून बघायची म्हणून.

मग नवरदेव आला. गाडी दोन माणसांची. त्याच्या हातात स्वतःचा एक नारळ आधीच होता, कमरेला कट्यार, गळ्यात हार. सीटवरचा नारळ उचलणं भाग होतं. मागे दुमडलेल्या छतावर ठेवला तर घरंगळला असता. कुणाच्या हातात दिला असता तर मांडवापर्यंत कुठे गेला असता कोण जाणे, आणि अक्कांनी गाडीतच ठेवायला सांगितलं होतं. बँड सुरू झाला, मागून लोक ओरडत होते, "चला, मुहूर्त!" मी तो नारळ खणात गुंडाळला आणि दाराच्या कडेला, माझ्या उजव्या पायाच्या पलीकडे, खाली ठेवला.

खाली. पायाशी.

मनात आलं होतं, हे मी लपवत नाही. पण म्हटलं, अंतर ते केवढं.

मांडवाच्या अलीकडे रस्ता थोडा उतरतो. बँडवाले तिथे थांबून शेवटचं गाणं वाजवू लागले. मी थोरली दाबली, गाडी मोकळी झाली. मधली दाबली, आणि ती अर्ध्यातच अडली. खाली काहीतरी टणक घरंगळत आलं होतं. मी आणखी जोर केला. टणक ते टणकच. गाडी संथपणे, अगदी राजेशाही थाटात, पुढे चालली. बँडवाले बाजूला झाले, ढोलवाला शेवटपर्यंत वाजवत बाजूला झाला. कमानीवर 'सुस्वागतम' होतं. ती आमच्या नाकावर हळूच बसली. फुलं, थर्माकोल, दिव्यांच्या माळा, सगळं नवरदेवावर. कमान पलीकडच्या टेबलावर टेकली, टेबलावरचं मठ्ठ्याचं पातेलं कलंडलं, आणि ज्यांच्यावर कलंडलं ते शेठजी होते. तोपर्यंत मला हँडब्रेक आठवला.

कुणाला खरचटलंही नाही. नवरदेव फेटा सावरत हसत सुटला होता. दोन्हीकडची पोरं मोबाईल वर धरून उभी. त्या गोंधळात मी खाली वाकलो, पेडलाखाली रुतलेला नारळ ओढून काढला आणि उपरण्यात घेऊन काखेत दाबला. का? घाबरलो म्हणून. ओटीचा नारळ पायाशी ठेवला, हे चार बायकांत कळलं असतं तर? शेठजींना कळलं असतं तर? एवढंच. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

शेठजी मठ्ठ्याने निथळत आले. रागात होते. "ट्रॅक्टरवाल्याच्या हातात विलायती गाडी दिली, माझंच चुकलं!" सगळ्यांनी नानांकडे पाहिलं.

नाना धावत आले आणि इस्त्रीच्या कपड्यांनिशी गाडीत उलटे झाले. पाय वर. कुणी हसलं नाही. जरा वेळाने बाहेर आले. एक मूठ मिटलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या काखेकडे पाहिलं, मग मागे बायकांत उभ्या असलेल्या अक्कांकडे पाहिलं. अक्का घाबरून पुटपुटत होत्या, "ओटी तर भरली होती मी, मग असं कसं व्हयनं?"

नाना शेठजींकडे वळले.

"मन्हीच चूक शे, शेठ. पिन आखडली. मन्हा हात चुकला."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हवेला दोष दिला नाही.

त्या मुठीत काय होतं, ते मला तेव्हा कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. शेठजींचा राग जेवणाबरोबर उतरला. पंगतीत वरण-बट्टी वाढताना लोक हसत होते, लग्न थाटात लागलं, आणि ती वरात गावात अजून आनंदाने सांगतात. फक्त सांगताना शेवटी म्हणतात, धुळ्याच्या मिस्त्रीने ब्रेक कच्चा बसवला होता.

शौकिनांच्या गाड्या धुळ्याला गेल्या नाहीत. व्हिडिओ मात्र गेला. हायवेवर ट्रकवाले ओरडायचे, "नाना, ब्रेक लागस ना?" नाना ओरडायचे, "मठ्ठा आण, मग सांगतो!"

बऱ्याच महिन्यांनी मी धीर करून गेलो. पाटी जागेवर नव्हती. पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून पालथी पडली होती. अक्कांनी चहा टाकला, बिबडी तळली. "चपलेची नाही," म्हणाल्या. मी दोन-तीनदा सुरुवात केली, "नाना, त्या दिवशी..." आणि दर वेळी नाना मध्येच बोलायचे. "चहा निवला." "पावसाचं काय म्हणतंय जळगावले?" अक्का समोर बसून होत्या.

मला सोडायला ते रस्त्यापर्यंत आले. माझी स्कूटर उभी होती. सवयीने वाकले, पाय ठेवायच्या जागेवर तळहात फिरवला, सरळ झाले. अक्का ऐकणार नाहीत इतक्या हळू म्हणाले, "नारळाची शेंडी फार चिवट राहस, भाऊ. पेडलच्या पिनेत अडकली का निघता निघत नई."

ते हसले. रागावलेले नव्हते, तेच तर अवघड होतं. "ती रोज देवाले सांगस, मन्ही ओटी कुठं चुकली. तिन्हाच नारळ आडवा आला, हे तिले कळायले नको." आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "जा आता. पायाशी काही ठेवत नई ना?"

मी मान हलवली आणि स्कूटर सुरू केली. रस्ता रिकामा होता, आम्ही दोघंच होतो, अक्का आत होत्या. एक वाक्य बोलायला तेवढं पुरेसं होतं. एरंडोलला थांबून मी ते वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. ते जमत होतं. मी ठरवलं, पुढच्या खेपेला. पुढच्या खेपेआधी नाना गेले.

भेटायला गेलो तेव्हा अक्कांनी माझा हात धरला. "भाऊ, मन्हा नारळ फोडला होता ना?"

"फोडला, अक्का."

"कसा निघाला?"

"गोड निघाला."

त्यांना फार बरं वाटलेलं दिसलं. आता त्याही नाहीत, म्हणून लिहितो आहे. गाडी शेठजींचा नातू चालवतो. त्या पेडलांना नानांनंतर कुणाचा हात लागलेला नाही, आणि गाडी जिथे थांबवावी तिथे थांबते. नारळ माझ्या देव्हाऱ्यात आहे. हळद-कुंकू उडालं, पण हलवला की आत खोबऱ्याचा गोटा वाजतो. एरंडोलला रस्त्याच्या कडेला मी जे म्हणून पाहिलं होतं, ते हे:

नाना, मला माफ करा. तुमचा ब्रेक चांगला होता. नारळ माझ्या पायाशी होता.